‘अनान्सेगोरो’ला मराठीत काय म्हणावं?

घानाच्या नाटककार एफुआ सदरलंड (१९२४–१९९६) यांच्यावर टिपण लिहिते आहे. दोन शब्द अडलेत, ‘अनान्सेगोरो’ आणि ‘म्बोग्वो’. पहिल्यासाठी ‘कोळीनाट्य’ लिहावं, तर वाचकाला होड्या नि जाळी दिसायची!

— ‘कोळीनाट्य’ नकोच. अनान्से हा आठ पायांचा कोळी खरा, पण घानातल्या अकान लोकांच्या गोष्टींत तो माणसासारखाच वागतो. घरसंसार, चणचण, लबाडी, सगळं आहे. त्याच्या गोष्टी म्हणजे ‘अनान्सेसेम’. ‘अगोरो’ म्हणजे खेळ. गोष्ट सांगण्याच्या त्या रीतीतून बाईंनी रंगमंचावरचं नाटक घडवलं आणि त्याला हे नाव दिलं. ‘अनान्सेचा खेळ’ म्हणा की सरळ. आपणही तमाशाचा खेळ म्हणतोच.

— ‘म्बोग्वो’साठी ‘पालुपद’ चालेल?

— नाही. पालुपद पुन्हापुन्हा येतं. ‘झील’ही नको, झीलकरी मुख्य गाणाऱ्याचीच ओळ उचलून धरतो. म्बोग्वोत ऐकणाऱ्यांपैकी कुणीही गोष्ट मध्येच थांबवून गाणं घालू शकतो. ते प्रसंगावर शेरा मारतं, पेंगणाऱ्यांना जागं करतं. श्रोत्याचा तो हक्कच असतो. ‘द मॅरेज ऑफ अनान्सेवा’मध्ये (१९७५) बाईंनी ते तसंच ठेवलंय. मी तर ‘म्बोग्वो’ हाच शब्द ठेवून पहिल्यांदा येईल तिथे ‘गोष्टीत मध्येच घातलेलं गाणं’ असं लिहीन.

— यावरून आठवलं, बाईंनी एकुम्फी अत्विया गावात उभं केलेलं ‘कोदझिदान’ म्हणजे फांटी भाषेत ‘गोष्टींचं घर’. तेही टिपणात घ्या. शहरात नाट्यगृह काढणारे पुष्कळ, गावकऱ्यांना हाताशी धरून गोष्टींसाठी घर बांधणारे कमी. आक्रामधला त्यांचा ड्रामा स्टुडिओ पुढे राष्ट्रीय नाट्यगृहासाठी पाडला, आणि लेगॉनच्या विद्यापीठात त्याची प्रतिकृती बांधली. कौतुक म्हणायचं की भरपाई, तुम्हीच ठरवा.

— आभार! जाता जाता, ‘द मॅरेज ऑफ अनान्सेवा’तलं ‘हेड-ड्रिंक’? ‘हुंडा’ म्हणू का?

— उलटं होईल! हे वराकडून वधूच्या घरी येतं, म्हणून ‘देज’. आणि इथे शब्द चुकला तर नाटकच कळणार नाही. अनान्से एकाच लेकीसाठी चार राजांकडून भेटी उकळतो, कारण नुसत्या भेटींनी कुणी बांधलं जात नाही, देज आल्यावरच सोयरीक पक्की. चौघेही देज घेऊन यायला निघतात तेव्हा त्याची पाचावर धारण बसते. म्हणून ‘भेट’ आणि ‘देज’ हे दोन शब्द शेवटपर्यंत वेगळे ठेवा.