मदत हवी आहे: गडाच्या तटबंदीच्या टाइल्स बघून स्पष्ट सांगा

मंडळी, सह्याद्रीतल्या गडावरचा एक छोटा टू-डी गेम करतोय. टाइल्स (शेजारी शेजारी लावून दृश्य बनवायचे चौकोनी चित्र-तुकडे) १६ बाय १६ पिक्सेलच्या, एसप्राइट या पिक्सेल-चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावल्यात. रंग मुद्दाम १६च ठेवलेत.

घोडं अडलंय तटबंदीपाशी. एकटी टाइल पाहिली की काळा पाषाण झकास वाटतो, पण ओळीने लावल्या की भिंत दिसायच्या ऐवजी चौकटीच दिसतात. माझा संशय उजव्या कोपऱ्यातल्या उजळ दगडावर आहे. दर १६ पिक्सेलला तो डोकं वर काढतो. काढून टाकला तर भिंत अगदीच निर्जीव होते. तो दगड वेगवेगळ्या जागी ठेवून तीन-चार टाइल्स कराव्यात आणि आलटून-पालटून लावाव्यात, की ३२ बाय ३२चा तुकडा काढून त्याचे चार भाग करावेत? दुसऱ्यात दगडांचे सांधे नीट जुळतील असं वाटतं, पण कोपरे आणि बुरुजाची गोलाई पुन्हा काढावी लागेल.

दुसरं म्हणजे, उन्हाळ्यासाठी फक्त पॅलेट, म्हणजे रंगांचा संच, बदललंय. गवत छान पिवळं पडतं. मात्र शेवाळालाही तोच हिरवा वापरलाय, त्यामुळे कातळावर हळद सांडल्यासारखं दिसतं! शेवाळासाठी वेगळा रंग खर्च करावा का? १६तला एक जातो, म्हणून जीवावर येतंय.

चित्रं खाली जोडलीत, मूळ आकारात आणि चौपट करून. आधी मूळ आकारातलं बघा. मोबाइलवर ताणलं तर पिक्सेल धूसर होतात. नुसतं ‘भारी’ नको, कुठला पिक्सेल खटकतो ते सांगा.