मूल नाही, कारण मी आहे. घरी कसं सांगू?

नेहमीचा आयडी वापरलेला नाही, समजून घ्या. वय ३६, गोव्यातला डिचोली तालुका, लग्नाला सहा वर्षं झाली.

सगळ्या तपासण्या आधी बायकोच्याच झाल्या. सोनोग्राफी, थायरॉईड, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघणारा एक्स-रे (तो दुखतो, हे मला फार उशिरा कळलं). माझी वीर्यतपासणी दोन वर्षांनी, तीही डॉक्टरीणबाईंनी झापल्यावर. शुक्राणू शून्य. काही आठवड्यांनी परत केली, परत शून्य. एफएसएच (शुक्राणू तयार करायला लावणारं संप्रेरक) वाढलेलं, अंडकोष लहान. म्हणजे वाट तुंबलेली नाही, मुळात तयारच होत नाहीत, असं युरोलॉजिस्ट म्हणाले. सतराव्या वर्षी गालगुंड झाले तेव्हा खालीही सूज आली होती, ते कारण असू शकतं. तेव्हा आजीने लेप लावला नि विषय संपला.

हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. आईला वाटतं दोष हिचाच. गेल्या चवथीला मी स्टुलावर उभा राहून माटोळीला (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) सुपारीचा घड बांधत होतो. काकी हिला सगळ्यांसमोर म्हणाली, "पुढच्या चवथीला तरी पाळणा बांधायला मिळू दे गो." मी गाठ मारत राहिलो. ही आत जाऊन पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत बसली. ती पानं आधीच पुसलेली होती.

तेव्हापासून मी कुणाच्या बारशाला जात नाही, शिफ्ट आहे सांगतो. फुटबॉल सोडला, कारण खेळून झाल्यावरची थट्टा सोसत नाही. शरीरसंबंधात तसा काही त्रास नव्हता, पण आता जवळ जायलाही नको वाटतं. रात्री दोन-दोनपर्यंत जागा असतो. फेणीही वाढली आहे.

आईला सांगावं का, कसं? आणि असल्या गोष्टीसाठी मानसोपचारवाल्यांकडे जातात का?

प्रतिसाद १
जातात. मी गेलो होतो, बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो, त्यामुळे वीर्य नेहमीसारखं असूनही शुक्राणूंचा आकडा शून्य येऊ शकतो. मर्दानगीशी त्याचा संबंध नाही, पण हे डोक्यात उतरायला मला वर्ष लागलं. मायक्रो-टेसीबद्दल विचारलंत का? सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोषातून शुक्राणू शोधतात. तुमच्यासारख्या साधारण निम्म्या पुरुषांत सापडतात, म्हणजे खात्री नाही. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) २०२३ पासून आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) मोफत आहे, तिथेही चौकशी करा. आणि जिमवाल्याच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ नका, त्याने असलेली निर्मितीही बंद पडते.

प्रतिसाद २
भाऊ, थोडं कडू बोलते. तुमच्या गप्प बसण्याची किंमत वहिनी भरतायत. आईला काय सांगायचं ते आधी वहिनींना विचारा. रिपोर्टचा तपशील कुणाला द्यायची गरज नाही. "अडचण माझ्यात आहे, हिला बोलू नका" एवढं पुरे. काकींना तर एवढंही नको.

धागाकर्ता
हिला धागा दाखवला. म्हणते, "आईंना मी सांगते, तुम्ही नुसते शेजारी बसा." मला वाटतं मीच सांगायला हवं. पण पहिलं वाक्यच सुचत नाही. तुमच्यापैकी कुणी सांगितलं असेल तर सुरुवात कशी केलीत?