ऑक्टेन आणि काजळी
पेट्रोलच्या या चर्चेत कुणीतरी '९७ ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं की गाडीचा पिकअप वाढतो' असं लिहिलंय, ते साध्या इंजिनाला लागू नाही. ऑक्टेनचा आकडा ताकदीचा नाहीच. दाबाखाली पेट्रोल आपोआप पेटायला किती विरोध करतं, एवढंच तो सांगतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ९१ असेल तर ९१ पुरे.

पण इंजिनात साचणाऱ्या काजळीचं कुणीच लिहिलं नाही. माझ्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत चढावर, चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटत होतं. जास्त ऑक्टेनने तो दबला. पुढे इंजिनाचं हेड (वरचं झाकण) उघडलं, तर पिस्टनवर काजळीचा जाड थर! त्याने आतली जागा घटते, कॉम्प्रेशन (आतला दाब) वाढतं, शिवाय काजळी तापलेलीच राहते, म्हणून पेट्रोल आपोआप पेटतं. खरवडून काढल्यावर साध्या पेट्रोलवरही खडखड पूर्ण थांबली.