मदत हवी आहे : मेकफाइल सोडायची आहे, सीमेक घेऊ की मेसन?

नमस्कार मंडळी,

आमचा सी प्लस प्लसचा प्रोजेक्ट आहे. साधारण २०० फाइली, आम्ही चौघं. बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) अजून हाताने लिहिलेल्या मेकफाइलवर चालतो, म्हणजे कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते 'मेक' या साधनाला सांगणाऱ्या फाइलीवर. मेक १९७६ पासून आहे, त्याला नावं ठेवत नाही. घोळ आमच्याच फाइलीत आहे. परवा एका हेडरमधल्या (अनेक फाइलींत वापरली जाणारी सामाईक फाइल) स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढवलं. ते हेडर मेकफाइलमध्ये नोंदलेलंच नव्हतं, त्यामुळे निम्म्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन तयार झालेल्या) जुन्याच राहिल्या. कंपाइल झालं, लिंक झालं आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळला. दोन दिवस डीबगरमध्ये डोकं खुपसून बसलो, शेवटी 'मेक क्लीन' (आधीच्या तयार फाइली पुसणं) करून पुन्हा बिल्ड केल्यावर सगळं सुरळीत! तेव्हापासून जो तो आधी क्लीन मारतो. म्हणजे दर वेळी ९ मिनिटं आणि एक चहा.

जीसीसी या कंपायलरच्या एमएमडी (-MMD) पर्यायाने हेडरची यादी आपोआप निघते, हे ठाऊक आहे. पण आता एक जण विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओत काम करणार, तिथे ही मेकफाइल चालायची नाही.

सीमेक हे साधन निंजा (मेकसारखंच बिल्ड चालवणारं) आणि व्हिज्युअल स्टुडिओ दोन्हींसाठी बिल्डच्या फाइली बनवून देतं, पण त्याची भाषा वाचताना डोकं उठतं. मेसन हेही तसंच साधन, त्याची फाइल स्वच्छ वाटते, मात्र पायथन लागतं. बेझल या तिसऱ्या साधनाचा पसारा आम्हाला झेपणार नाही.

मेकवरून मेसनवर कुणी गेलंय का? विंडोजवर कितपत त्रास झाला? आणि एकेक फोल्डर हलवलात की सगळं एकदम?