सोलापुरातून दिल्लीला जाताना आधी खोली ठरवायची की विमान? आणि विमान पुण्याचं की हैदराबादचं?

सातरस्ता

दिल्लीत प्रगती मैदानावर दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर व्यापार मेळा भरतो. आपल्याकडचे टॉवेलवाले, चादरवाले, युनिफॉर्मवाले तिकडं जातात. कुणी स्टॉल लावायला, कुणी नुसतं बघायला, आणि बरेचजण 'जातोच आहे तर' म्हणून घरच्यांनाही घेऊन जातात. आमच्या ग्रुपवर सध्या एकच दळण चालू आहे : सगळ्यात स्वस्त तिकीट कुठल्या ॲपवर. माझं म्हणणं असं की तिकिटाचा भाव हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. फाडून काढा हवं तर.

आधी खोली कुठं घ्यायची ते ठरवा. मेळ्याला जाणाऱ्यानं मेट्रोची निळी लाइन धरावी. प्रगती मैदानाच्या स्टेशनचं नाव आता सुप्रीम कोर्ट आहे, ते याच लाइनवर येतं. करोलबाग, आर. के. आश्रम, पलीकडं यमुनेपार लक्ष्मीनगर, कुठंही उतरा, गाडी न बदलता मैदानात पोचता. आपली माणसं मात्र विमानतळाजवळ म्हणून महिपालपूरला धावतात. खोली स्वस्त मिळते, खरं आहे. पण त्या वस्तीला स्वतःचं मेट्रो स्टेशन नाही. रोज सकाळी हायवेवर टॅक्सीची वाट बघत उभं राहायचं आणि संध्याकाळी धौलाकुव्याच्या ट्रॅफिकमध्ये बसायचं.

खोली ठरली की विमानाची वेळ बघा. टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत नवी दिल्लीला सोडते. तिथून पिवळ्या लाइनचं एकच स्टेशन, राजीव चौक, आणि तिथं निळी लाइन. टर्मिनल १ ला उतरलात तर ही मेट्रो नाही. तिथं मजेंटा लाइन घ्यायची आणि जनकपुरी पश्चिमला निळी पकडायची. दोन टर्मिनलांमध्ये रस्त्यानं काही किलोमीटर अंतर आहे, तेव्हा तिकिटावरचं टी१, टी३ वाचून घ्या. आणि मेट्रो रात्रभर चालत नाही. मध्यरात्री उतरणारं 'स्वस्त' विमान टॅक्सीत महाग पडतं.

राहिला प्रश्न निघायचं कुठून. मी हैदराबाद म्हणतो. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहिराबाद करत जायचं, पटानचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागायचं आणि शहरात पाऊल न टाकता थेट शमशाबादचं विमानतळ. पुण्याला शेवटच्या पंचवीस किलोमीटरला किती वेळ लागेल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

शेळगीकर

एकट्यानं फिरणाऱ्या माणसाचा हिशोब आहे हा. आम्ही घरचे पाचजण. माणशी हजार रुपये वाचले तर जाऊन-येऊन दहा हजार होतात. त्यात दिल्लीतल्या सगळ्या टॅक्स्या निघतात आणि वर करोलबागेत दोन स्वेटर येतात. हॉटेलात करायचंय काय? झोपायचं, अंघोळ करायची, बाहेर पडायचं. मी आधी तिकीट काढणार, मग उरलेल्या पैशात जी मिळेल ती खोली.

सातरस्ता

@शेळगीकर अण्णा, पाच माणसं आणि पाच बॅगा एका टॅक्सीत बसवून दाखवा. स्वस्तातलं पहाटेचं विमान म्हणजे सोलापुरातून रात्री दहा-अकराला निघणं. पोरं गाडीत झोपत नाहीत, वहिनी जागी, ड्रायव्हर जांभया देतोय. दिल्लीत सकाळी आठला पोचलात तर हॉटेलवाला म्हणतो, रूम बाराला. तो पहिला दिवस वायाच. त्या दिवसाच्या खोलीचे पैसे तुम्ही दिलेलेच असतात, हे तुमच्या दहा हजारांत कुठं धरलंय?

पुण्यातला_सोलापूरकर

हैदराबादची शिफारस स्वतःची गाडी असणाऱ्याची आहे. ट्रेननं गेलात तर सिकंदराबाद किंवा बेगमपेठला उतरणार, आणि शमशाबाद पार दुसऱ्या टोकाला. तिथं मेट्रो जात नाही. पुण्याला मात्र सोलापुरातून वंदे भारत, हुतात्मा, बाकीच्या गाड्या, वर एसटी. पर्याय भरपूर.

आणि खरी गोष्ट कुणी बोलत नाही. पुण्यात प्रत्येक सोलापूरकराचं कुणी ना कुणी आहे. आदल्या दिवशी हडपसरला बहिणीकडं जेवायचं, झोपायचं, पहाटे मुंढवा-खराडीवरून लोहगावचं विमानतळ. त्या वेळी रस्ता मोकळा असतो. ट्रॅफिकला नावं ठेवणारे संध्याकाळी सहाला हडपसरमध्ये शिरतात आणि मग पुण्याला शिव्या घालतात. तुमची वेळ चुकली, त्यात लोहगावनं काय केलं?

अक्कलकोट_रोड

शमशाबादला शहरातून पुष्पक बस जाते, गाडी नसली तरी अडत नाही. पण माझा मुद्दा वेगळा. आमच्या अर्ध्या गल्लीची सोयरीक हैदराबाद-वरंगलकडं आहे. पुण्यात बहीण असणं हा सगळ्यांचा नियम नाही भाऊ. सोलापूरच्या पूर्वभागातल्या माणसाला तेलुगू येतं, तिकडं मामा-काका आहेत, त्याला हैदराबादच जवळचं.

बाळीवेस

लै शानपट्टी झाली. मग आपलं होटगी रोडचं विमानतळ कशाला हाय बे? २०२३ ला विमानाला आडवी येणारी कारखान्याची चिमणी पाडली, एवढं रामायण झालं, आता मुंबईचं विमान सुरू झालंय. सोलापूर-मुंबई, मुंबई-दिल्ली. घरातून निघून पाव तासात विमानतळ. पुणं-हैदराबाद करायलाव कशाला?

सातरस्ता

@बाळीवेस दोन तिकिटं वेगवेगळी काढलीत तर पहिलं विमान लेट झाल्यावर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. मुंबईत सामान घ्या, टर्मिनल बदलायचं असेल तर बदला, परत चेक-इन करा. बहुतेक ठिकाणी काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. मध्ये चार-पाच तास ठेवा, नाहीतर एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास मिळतायत का ते बघा. तसं मिळालं तर मी पहिला होटगी रोडला.

बाळीवेस

चार तास मुंबईत बसू की. वडापाव खाऊ. हडपसरमध्ये बसण्यापेक्षा बरं.

आसरा_चौक

सगळे मेळ्याचं बोलताय, पण सोलापुरातून दिल्लीला लोक आणखीही कारणांनी जातात. मी आईला एम्सला दाखवायला नेलं होतं. तिथं निळ्या लाइनचा काय उपयोग? एम्सचं स्टेशन पिवळ्या लाइनवर. युसुफसराय, ग्रीन पार्क, गौतमनगर या भागात साध्या खोल्या मिळतात, आणि सकाळी रिक्षानं दवाखान्याच्या दारात. मुक्काम आधी ठरवा हे सातरस्तादादांचं मला पटतं. पण 'ही लाइन धरा' असं सरसकट सांगणं पटत नाही. आधी काम कुठं आहे ते बघा, मग त्याच्या जवळ खोली.

दुसरं, ॲपवरच्या फोटोंवर जाऊ नका. करोलबाग काय, पहाडगंज काय, अरुंद इमारती एकमेकींना चिकटून उभ्या. स्वस्तातल्या बऱ्याच खोल्यांना खिडकीच नसते, किंवा असते ती जिन्यात उघडते. हॉटेलला फोन करून तीन गोष्टी विचारायच्या : बाहेर उघडणारी खिडकी आहे का, लिफ्ट आहे का, आणि गाडी दारापर्यंत येते का. हे तिसरं आमच्याकडून कुणी विचारत नाही. पहाडगंजच्या गल्लीत टॅक्सीवाला तोंडाशीच उतरवतो, मग गुडघे दुखणाऱ्या आईला आणि बॅगेला घेऊन गर्दीतून चालत जा.

आणि बायका एकट्या जाणार असतील तर रात्री उतरणारं विमान हजार रुपयांनी स्वस्त असलं तरी घेऊ नये. हा प्रश्न पैशाचा नाहीच. शेळगीकरकाका, यावर तुमचं मत वेगळं असेल असं वाटत नाही.

शेळगीकर

@आसरा_चौक ताई, ते मान्य. बायकांचा आणि आजारी माणसाचा विषय वेगळा. पण फिरायला जाणाऱ्या धडधाकट माणसानं खिडकीसाठी रोज सातशे-आठशे जादा का द्यायचे? नोव्हेंबरात खिडकी उघडून घ्यायचं काय, धूर?

आसरा_चौक

धुराचा मुद्दा बरोबर काढलात. दिवाळीनंतर दिल्लीची हवा खरंच वाईट असते. घरात दमेकरी असेल तर मेळ्याच्या निमित्तानं त्याला नेऊच नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये न्या, तेव्हा राष्ट्रपती भवनाची बागही उघडी असते.

राजेंद्रनगर_रिटर्न

यूपीएससीसाठी तिकडं होतो म्हणून सांगतो. जुना राजेंद्रनगर करोलबागेला लागूनच आहे. तिथं ओळखीतलं कुणी शिकत असेल तर त्याला आसपासची खोली बघायला सांगा, फोटोपेक्षा त्याचा डोळा बरा. आणि नवी दिल्ली स्टेशनबाहेर कुणी म्हणालं की तुमचं हॉटेल बंद झालंय, बुकिंग कॅन्सल झालंय, चला सरकारी टुरिस्ट ऑफिसात, तर त्याच्याकडं न बघता चालत राहा. हा धंदा जुना आहे.

लाल किल्ला सोमवारी बंद, अक्षरधाम सोमवारी बंद, करोलबागेचा बाजारही सोमवारी बंद. शनिवार-रविवार जोडून सोमवारी फिरणार असाल तर आधी बघून घ्या.

मुरारजी_पेठ

राहायला महाराष्ट्र सदन आहे ना? कस्तुरबा गांधी मार्गावर नवं, कोपर्निकस मार्गावर जुनं. जवळच्या मंडी हाउस मेट्रोवरून मैदान एका स्टेशनावर.

सातरस्ता

@मुरारजी_पेठ मिळालं तर उत्तमच. पण तिथं आधी आमदार-खासदार, अधिकारी. मेळ्याच्या दिवसांत सामान्य माणसानं त्या भरवशावर राहू नये. जेवायला मात्र जरूर जा.

जुळे_सोलापूरकर

तुम्ही सगळे विमानाच्या मागं लागलात. कर्नाटक एक्सप्रेस सोलापुरात पकडा, नवी दिल्लीला उतरा. एक दिवस, एक रात्र. ना हडपसर, ना शमशाबाद, ना टर्मिनल. विमानात देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो सामान आणि हातात ७ किलो. रेल्वेत थ्री एसीला ४० किलो, टू एसीला ५० किलो फुकट. टॉवेलची सॅम्पल नेणाऱ्यानं विमानाचा विचारच का करावा, हे मला कुणीतरी समजावून सांगा. डिसेंबर-जानेवारीत धुकं पडलं की पहाटेची विमानं तशीही रखडतात.

पुण्यातला_सोलापूरकर

काका, धुक्यात रेल्वेही रखडते, आणि विमानापेक्षा जास्त रखडते. त्या महिन्यांत दुपारचं विमान घ्यावं, धुकं विरलेलं असतं. सॅम्पलचं मात्र बरोबर बोललात.

अक्कलकोट_रोड

सॅम्पल ट्रान्सपोर्टनं आठवडाभर आधी पाठवायची, अण्णा. आम्ही तेच करतो. स्टॉलवाल्याकडं किंवा दिल्लीतल्या एजंटकडं उतरवायची. माणूस रिकाम्या हातानं विमानात. मेळ्याचे सुरुवातीचे दिवस व्यापाऱ्यांसाठी राखलेले असतात, तेवढे गाठायचे असतील तर येऊन-जाऊन दोन-अडीच दिवस गाडीत घालवणं परवडत नाही. शेवटचे दिवस गर्दीचे, तेव्हा कुणी ऑर्डर देत नाही, सगळे फुकट पिशव्या गोळा करतात.

शेळगीकर

ठीक आहे, माझं ठरलं. विमान पुण्याहून, पहाटेचं, स्वस्तातलं. खोली करोलबागेत, खिडकीशिवाय. आदल्या रात्री झोपायला मात्र @पुण्यातला_सोलापूरकर यांची हडपसरची बहीण चालेल.

पुण्यातला_सोलापूरकर

पाचजण?

शेळगीकर

येताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणतो की.

सातरस्ता

मुद्दा सोडू नका. परत येतानाचं विमान किती वाजताचं घेतलंय? दिल्लीहून रात्री नऊला सुटलात तर पुण्यात अकरा वाजून जातात, आणि तिथून सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर. तेवढं सांगा, मग हजार रुपये कुठं वाचले ते बघू.