एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले, तेव्हापासून ओळखीतले बरेच जण जुना लॅपटॉप घेऊन घरी येतात. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ चढत नाही, पण मशीन ठणठणीत आहे. मी लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी प्रणाली) टाकून देतो, पण विंडोज काढत नाही. कोणाचं हिशेबाचं टॅली असतं, कोणाचा डिजिटल सहीचा टोकन.

सुरुवात माझ्यापासून. शेजारच्या काकूंचा लॅपटॉप बराच नवा होता. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्य प्रणालीच सुरू होऊ देणारी तपासणी, बंद केलं आणि विंडोज सुरू करताना निळा पडदा आला : बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की द्या. काकूंनी बिटलॉकर हे नावही ऐकलं नव्हतं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे कुलूप (एन्क्रिप्शन) बहुतेकदा आपोआप सुरू होतं आणि की त्या खात्यात जाऊन बसते. पण बर्डीच्या ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला, तिथल्या पोराने खातं स्वतःच्याच ईमेलने उघडून दिलं होतं. नशीब की तो अजून तिथेच कामाला होता. सिक्युअर बूट परत चालू केल्यावर विंडोज की न मागता उघडली, तरीही मी ती की त्याच्याकडून वहीत उतरवून घेतली. मिंटला सिक्युअर बूट चालू असलेलं चालतं, म्हणजे मी ते उगाचच छेडलं होतं. आता कोणाच्याही मशीनला हात लावण्याआधी की कागदावर मागतो.

तुमचं काय झालं, सविस्तर लिहा. चुकलं असेल तर तेही.

हिंगणा रोड, इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष

पेन ड्राइव्हवरून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) सुरू झालं, पण इन्स्टॉलरला एसएसडी दिसेचना. दोन रात्री गेल्या. बायोसमध्ये डिस्क हाताळायची पद्धत (स्टोरेज) इंटेल आरएसटी होती, ती एएचसीआय करायची असते. सरळ बदललं तर विंडोज उठत नाही. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग या सेटिंगमधून सेफ मोड (मोजक्याच गोष्टींनिशी चालणारी विंडोज) लावायचा, मग बायोसमध्ये बदल, मग एकदा सेफ मोडमध्ये चालू करून तो काढून टाकायचा. हे सिनियर दादाने फोनवर एकेक पायरी थांबून सांगितलं, त्याचे उपकार आहेत.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअपची. विंडोज शटडाउन केली तरी ती पूर्ण बंद होत नाही, अर्धी झोपते. तेव्हा लिनक्समधून डी ड्राइव्ह नुसता वाचता येतो. मला काहून लिहिता येत नाही ते कळलं नाही, म्हणून मी जबरदस्तीने माउंट केला (लिहिण्यासाठी उघडला) आणि प्रोजेक्टच्या रिपोर्टची फाइल बिघडली. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. हे आधी करा, बाकी नंतर.

महाल, डीटीपी

लग्नपत्रिका आणि तेराव्याच्या कार्डांचं वीस वर्षांचं मॅटर जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये नाही. ते पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमध्येच उघडतं, म्हणून विंडोज लागतेच. पण इंटरनेट, मेल, गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह सगळं लिनक्सवर घेतो. पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसचा त्रास त्या दिवसापासून गेला. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये लगेच मिळाला, बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही.

मानेवाडा, शिक्षिका

माझं साधं आहे. लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतले की घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळी दहाला साडेचार. मला वाटलं बोर्डावरचा सेल गेला, बदलूनही आणला. मुलाने समजावलं : मशीनच्या घड्याळात विंडोज आपली वेळ ठेवते आणि लिनक्स ग्रिनिचची, म्हणून फरक नेमका आपल्या वेळेएवढाच. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगणारी एक ओळ टर्मिनलमध्ये दिली आणि मिटलं. त्या सेलचे पैसे गेले, पण कारण कळल्याचा आनंद मोठा होता.

इतवारी, किराणा

मे महिना, दुपारचे दोन. डेस्कटॉप, यूपीएस नाही. लिनक्ससाठी जागा करायला पार्टिशन (डिस्कचा भाग) सरकवून राहिलो होतो आणि लाईन गेली. परत आली तेव्हा तो भाग उघडेना. त्यात आईचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो होते. रिकव्हरीवाल्याने थोडे काढून दिले, सगळे नाही. लोकहो, आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या. उन्हाळ्यात हे काम रात्री करा, लॅपटॉपवर असेल तर चार्जिंग पूर्ण ठेवून.

मानेवाडा, शिक्षिका

इतवारीच्या दादा, वाचून फार वाईट वाटलं. नातेवाइकांच्या फोनमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले काही फोटो असतील का? माझ्या वडिलांचे असेच भावाकडे सापडले.

धरमपेठ, नोकरदार

मला वर्षभराने लिनक्स काढायचं होतं. डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन उडवलं आणि मशीन काळ्या पडद्यावर ग्रबच्या (लिनक्सचा सुरुवातीचा मेनू) ओळीत अडकलं. विंडोज शाबूत होती. बायोसच्या बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजर वर आणला की झालं. काढायच्या आधीच हा क्रम बदलून ठेवा.

इतवारी, किराणा

ताई, पुण्याच्या बहिणीला विचारलं. तिच्या जुन्या फोनमध्ये एकोणचाळीस निघाले.