डीप फ्रीजरमधून नळाचा सोडा: फेस आणि ओलावा यांवर मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाईत आमचे सोड्याचे छोटे दुकान आहे. वडिलांनी आयुष्यभर गोटीचा सोडा विकला. बाटली लोखंडी पिंजऱ्यात बसवायची, चाक हाताने फिरवायचे, बाटली उलटी होताच गोटी गळ्याशी यायची आणि गॅसच्या दाबाने रबरी रिंगेवर घट्ट बसायची. त्या बाटल्या एकेक करून फुटल्या, नव्या परवडेनात, म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी ठरवले की थंडगार सोडा थेट नळातून ग्लासात द्यायचा. तयार यंत्राची किंमत ऐकून तो विचार सोडला आणि बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातून ३०० लिटरचा, वर उघडणाऱ्या झाकणाचा जुना डीप फ्रीजर विकत घेतला.

आधीच एक खुलासा करतो, कारण हा विषय काढला की मित्रमंडळी डोळे मिचकावतात. फ्रीजरला नळ बसवण्याची ही युक्ती मुळात परदेशात घरी बिअर बनवणाऱ्यांची आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे आणि माझा तसा काही विचारही नाही. मला फक्त साधा सोडा, लिंबू सोडा आणि अद्रकाचा सोडा असे तीन नळ हवे आहेत. यंत्रणा मात्र तीच असल्यामुळे बिअरचा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहावे.

आतापर्यंत काय केले ते सविस्तर सांगतो, म्हणजे चूक कुठे आहे हे आपल्याला दिसेल. कोल्ड्रिंकच्या मशीनला पूर्वी लावत त्या १९ लिटरच्या स्टीलच्या तीन टाक्या छत्रपती संभाजीनगरच्या भंगार बाजारात मिळाल्या. टाकीची उंची दोन फुटांहून थोडी अधिक असल्याने वरचे जोड धरून झाकण लागेना. फ्रीजरच्या भिंतीला भोक पाडायचे नाही, कारण गॅसच्या नळ्या पत्र्याच्या आतूनच फिरवलेल्या असतात, एवढे मला ठाऊक होते. म्हणून सुतारमामांकडून ८ इंच उंचीची सागवानी चौकट करून घेतली, ती फ्रीजरचे तोंड आणि झाकण यांच्यामध्ये सिलिकॉनने चिकटवली, बिजागऱ्या चौकटीवर घेतल्या आणि तिन्ही नळ त्या लाकडातच बसवले. चौकटीला आतून थर्माकोल लावला आहे. मूळ थर्मोस्टॅट उणे १८ अंशांच्या हिशेबाचा असल्यामुळे फ्रीजरची वायर बाहेरच्या डिजिटल कंट्रोलरमधून घेतली आणि ३ अंश लावले. वेल्डिंगवाल्याचा रेग्युलेटर आधी आणला होता, पण त्यावर दाब नव्हे तर मिनिटाला किती लिटर गॅस जातो ते दिसते, म्हणून तो परत करून पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला किती पौंड, असा) दाब दाखवणारे दोन काटे असलेला घेतला. सिलिंडर खाद्यपदार्थांसाठीच्या कार्बन डायऑक्साइडचा, २ किलोचा आहे.

आता अडचणी. पहिली आणि सगळ्यांत त्रासदायक म्हणजे फेस. ३ अंशांवर ३० पीएसआय दाब देऊन चार दिवस ठेवले की टाकीतल्या पाण्यात गॅस उत्तम मुरतो. झाकण उघडून थेट काढून पाहिले तर घशाला झणका बसतो. पण नळ उघडला की ग्लासात दूध उतू जावे तसा फेस येतो आणि तो खाली बसल्यावर उरते ते मिळमिळीत पाणी. वडिलांनी एक घोट घेऊन ग्लास परत माझ्या हातात दिला आणि काही बोलले नाहीत. मी दाब १० वर आणून पाहिला, तेव्हा पहिल्या दिवशी बरे वाटले, पण दोन दिवसांत टाकीतलाच झणका गेला. टाकीपासून नळापर्यंतचा पाइप पारदर्शक, आतून ८ मिमीचा आणि साधारण दीड मीटरचा आहे.

दुसरी अडचण तापमानाची. कंट्रोलरची तापमान मोजणारी तार मी टाकीच्या वर हवेत लोंबती ठेवली आहे. कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी सुरू होतो, आणि तरीही मागच्या आठवड्यात एका टाकीच्या तळाशी बर्फाचे कडे धरले होते. त्याच वेळी चौकटीजवळ थर्मामीटर ९ अंश दाखवत होता. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४२ च्या आसपास असतो, वीज दुपारी हमखास जाते आणि आल्यावर व्होल्टेज कधी कमी तर कधी जास्त असते, त्यामुळे कॉम्प्रेसर किती दिवस टिकेल याची धास्ती वाटते.

तिसरी अडचण ओलाव्याची. तळाशी रोज पेलाभर पाणी साचते आणि थर्माकोलच्या सांध्यांत काळी बुरशी दिसू लागली आहे. खाण्यापिण्याचा धंदा असल्याने हे मला अजिबात चालणार नाही.

शेवटची गोष्ट कदाचित अडचण नसेलही. सिलिंडर दुकानात बाहेर होता तेव्हा मोठा काटा हजाराच्या वर होता. फ्रीजरमध्ये ठेवताच तो दुसऱ्या दिवशी साडेपाचशेवर आला. साबणाचे पाणी लावून सगळे जोड तपासले, एकही बुडबुडा आला नाही. मग गॅस गेला कुठे? की सिलिंडर बाहेरच ठेवावा?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (जालना, फ्रिज-एसी दुरुस्ती)

भाऊ, काम नीटनेटके केले आहे. भिंतीला ड्रिल लावले असते तर फ्रीजर त्याच दिवशी भंगारात गेला असता. मागच्या पाटीवर फ्रीजर थंड करणारा कोणता गॅस लिहिला आहे तेही एकदा पाहा. आर-६००ए असेल तर तो ज्वलनशील असतो, आणि मग फ्रीजरच्या आत ठिणगी उडेल असे काहीही करू नका.

आधी सिलिंडरचा काटा. गॅस कुठेही गेलेला नाही. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि द्रव शिल्लक असेपर्यंत काटा गॅस किती उरला हे दाखवत नाही, तापमान दाखवतो. २० अंशांना तो सव्वाआठशेच्या आसपास असतो, ३ अंशांना साडेपाचशेजवळ. ३१ अंशांच्या वर तर आत द्रव असा राहतच नाही आणि दाब झपाट्याने वाढतो, म्हणून आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात सिलिंडर तापवण्यापेक्षा तो फ्रीजरमध्ये असलेला बरा. किती गॅस उरला हे कळण्यासाठी किराणा दुकानातला वजनकाटा वापरा आणि सिलिंडरवर कोरलेले रिकामे वजन वजा करा. मात्र एक काळजी घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, गळती झाली तर तो फ्रीजरच्या खोल पेटीत विहिरीत साचावा तसा साचतो, आणि २ किलो गॅस म्हणजे सुमारे एक घनमीटर. झाकण उघडल्याबरोबर डोके आत घालू नका, थोडा वेळ जाऊ द्या. रात्री सिलिंडरचा वाल बंद करा.

तारेची जागा चुकली आहे. झाकण उघडले की हवा गरम होते आणि कंट्रोलर लगेच कॉम्प्रेसरला हाक मारतो, पण टाकीतले पाणी तेवढ्यात गरम झालेले नसते. तार टाकीच्या मधल्या उंचीवर पत्र्याला चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा बांधा. कॉम्प्रेसर बंद होण्याच्या आणि पुन्हा सुरू होण्याच्या तापमानातला फरक २ अंशांचा ठेवा आणि कंट्रोलरमधला थांबा किमान ५ मिनिटांचा करा, म्हणजे वीज येऊन-जाऊन झाली तरी कॉम्प्रेसर दाब उतरल्याशिवाय सुरू होणार नाही. जुने कॉम्प्रेसर बहुतेक वेळा उन्हाने जळत नाहीत, लगेचच्या लगेच पुन्हा सुरू झाल्याने जळतात. स्टॅबिलायझर लावाच. बाजूचे पत्रे गरम होतात ना, तिथूनच उष्णता बाहेर जाते, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. वीज गेल्याची फार चिंता करू नका. तीन भरलेल्या टाक्या म्हणजे ५७ लिटर थंड पाणी. झाकण उघडले नाही तर दोन-तीन तासांत एखाद-दुसऱ्या अंशाचाच फरक पडेल.

वर ९ आणि खाली बर्फ यावर कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा तळाशी, तोंड वर करून ठेवा. ओलाव्याचे कारण असे की उणे १८ ला बाष्प भिंतीवर बर्फ होऊन बसते, ३ अंशांना त्याचेच पाणी होते. ते बाहेरच्या हवेतून येते, म्हणून झाकणाचे रबर आणि चौकटीचा सांधा आधी तपासा. कागदाची पट्टी अडकवून ओढा, सहज निघाली तर तिथून हवा शिरते आहे. थर्माकोल काढून बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) फोम लावा, सांधे सिलिकॉनने भरा, आणि आत कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवा. त्याच्यात साचलेले पाणी टाकीवर किंवा पत्र्यावर सांडू देऊ नका, ते लोखंड खाते.

प्रतिसाद २ (मूळ परभणी, सध्या अमेरिकेत)

इथे घरी बिअर बनवण्यास १९७८ च्या कायद्याने केंद्रीय पातळीवर मुभा मिळाली, त्यामुळे असे फ्रीजर माझ्या ओळखीत अनेकांच्या गॅरेजमध्ये आहेत. त्याला इकडे 'कीझर' म्हणतात. आपली फेसाची अडचण नवशिक्या प्रत्येकाला येते, आणि तिचे कारण दाब नसून पाइप आहे.

बिअरला साधारण १२ पीएसआय पुरतात, कारण तिच्यात तिच्या आकारमानाच्या अडीच पट गॅस विरघळवायचा असतो. सोड्याला चारपट लागतो, म्हणून आपले ३० बरोबर आहेत, ते कमी करू नका. प्रश्न असा की हे ३० पीएसआय नळाच्या तोंडाशी येईपर्यंत जवळजवळ संपले पाहिजेत, आणि ते संपवण्याचे काम पाइपचे घर्षण करते. ८ मिमीच्या दीड मीटर पाइपमध्ये घर्षण नगण्य असल्याने सगळा दाब नळातच एकदम सुटतो आणि गॅस फेसाच्या रूपाने बाहेर पडतो. आरओ फिल्टरचा पाव इंची पाइप कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे मिळेल, तो आतून सुमारे ४ मिमीचा असतो. तो प्रत्येक नळाला ६ मीटर लावा, वेटोळे करून टाकीवर थंड ठेवा, आणि धार फार बारीक वाटली तरच अर्धा-अर्धा मीटर कापत जा. नळ नेहमी पूर्ण उघडायचा, अर्धवट उघडला की तिथेच फेस होतो. सकाळचा पहिला ग्लास फेसाळ येईलच, कारण नळ स्वतः उबदार असतो, आणि त्यासाठीही तळातला पंखा चौकटीपर्यंत हवा पोहोचवेल असा ठेवा.

आता मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आपले नळ आणि जोड कशाचे आहेत? पितळ किंवा तांबे असेल तर आजच काढा. गॅस मुरलेले पाणी आम्लधर्मी असते, ते तांबे विरघळवते आणि रात्रभर नळात राहिलेल्या पहिल्या ग्लासने गिऱ्हाईक उलट्या करू शकते. टाकीनंतरचा प्रत्येक भाग ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा किंवा खाद्य दर्जाच्या प्लास्टिकचा हवा. त्याच कारणाने लिंबू सोडा टाकीत भरू नये असे माझे मत आहे. मीठ स्टीलला सूक्ष्म खड्डे पाडते आणि साखरेने पाइपमध्ये बुरशी धरते. तिन्ही टाक्यांत साधा सोडाच भरा, लिंबू, मीठ, मसाला आणि अद्रकाचा पाक ग्लासात आधी घाला आणि वरून नळ सोडा.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. जालन्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पाटी पाहिली, आर-१३४ए आहे, म्हणजे ज्वलनशील नाही. तार टाकीला चिकटवून पंखा लावल्यापासून कॉम्प्रेसर तासाला दोनदाच सुरू होतो, आणि वर-खालचा फरक दोन अंशांवर आला. कागदाच्या पट्टीने झाकणाचा उजवा कोपरा सैल सापडला, त्याचे रबर बदलायला दिले आहे.

आरओचा पाइप एकाच नळाला लावून पाहिला. ६ मीटरला धार करंगळीहूनही बारीक होती, दोनदा कापून ५ मीटरवर आणली, आणि आता ग्लासात बोटभरच फेस येऊन खाली झणझणीत सोडा उरतो. ग्लासात आधी मीठ टाकून पाहिले तर मात्र सोडा उसळून काउंटरवर सांडला. वडील म्हणाले, "मीठ नेहमी पाकात विरघळवून घालायचे असते, कोरडे नाही." हे त्यांनी मला आधी सांगितले असते तर बरे झाले असते, पण मीही कधी विचारले नव्हते.

नळ मात्र पितळीच निघाले. दिसायला चकचकीत, पण आतून कानस लावली तर पिवळे. दुकानदाराने स्टीलचे म्हणून दिले होते. तूर्त तिन्ही नळ काढून ठेवले आहेत आणि नळाचा सोडा बंद आहे. ३०४ स्टीलचे नळ मराठवाड्यात कुठे मिळतील, की पुण्याहूनच मागवावे लागतील, आणि ते खरोखर स्टीलचे आहेत हे न कापता कसे ओळखावे, एवढे कोणी सांगू शकेल का? चुंबक लावून कळते असे एकाने सांगितले, पण पितळालाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही फारसे नाही, त्यामुळे त्या परीक्षेचा मला उपयोग दिसत नाही.